मैदान चाहत्यांचे, मालकी कोणाची?

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला असलेल्या उरण तालुक्यातील मोरा बंदरात एखादा फुटबॉलप्रेमी राहत असेल, तर आपल्या शहराचा संघ पाहण्यासाठी गेल्या दोन दशकांत त्याची वाट दोनदा बदलली. महिंद्र युनायटेड आणि मुंबई एफसी यांच्या काळात लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचे आणि कुपरेजचे मैदान गाठायचे. २०१४ मध्ये मुंबई सिटी एफसीचा जन्म झाला, तेव्हा सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे जवळजवळ घराशेजारीच आले. २०१६ पासून ते अंधेरीच्या क्रीडासंकुलात गेले. संघाचे नाव बदलले, जर्सीचा रंग बदलला, मैदान बदलले. यातील एकही निर्णय तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला विचारून झाला नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये असाच आणखी एक निर्णय झाला. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीसह जगभरातील अनेक क्लबांची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीमधून अंग काढून घेतले आणि आपले समभाग मूळ मालकांकडे सोपवले. त्यामुळे फुटबॉलप्रेमींमध्ये नेहमीचाच प्रश्न पुन्हा चर्चेला आला : क्लब नेमका कोणाचा? कागदोपत्री मालक असणाऱ्यांचा, संचालक मंडळाचा, की वर्षानुवर्षे त्याच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांचा?

सहा वर्षांचा संसार

मुंबई सिटी एफसीची स्थापना झाली तेव्हा अभिनेता रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख हे तिचे मालक होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचे ६५ टक्के भागभांडवल घेतले. उरलेला ३५ टक्के हिस्सा मूळ मालकांकडे राहिला. अबुधाबीच्या पैशावर उभ्या असलेल्या या समूहाचा हा आठवा क्लब होता.

मैदानावरील फळ लवकरच दिसले. २०२०-२१ मध्ये मुंबईने इंडियन सुपर लीगची साखळी ढाल आणि करंडक ही दोन्ही विजेतेपदे पटकावली. २०२२-२३ मध्ये पुन्हा ढाल आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा करंडक मिळाला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मुंबईने मिळवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदी अरेबियाचा बलाढ्य अल हिलाल संघ नेरूळला येऊन खेळला. परदेशी मालक आपल्या शहराचा आत्मा गमावून बसतील, अशी भीती बाळगणाऱ्यांनाही या यशाने गप्प केले.

मात्र, मैदानावरचे यश आणि ताळेबंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यापारी हक्कांचा १५ वर्षांचा करार केला होता. त्यातून महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये मिळत आणि त्याच कराराच्या आधारे इंडियन सुपर लीग चालत असे. हा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नवा करार नसल्याने जुलै २०२५ मध्येच आयोजकांनी पुढील हंगाम स्थगित केला. महासंघाने निविदा मागवल्या, तर एकही बोली आली नाही. हंगाम अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये, तोही आटोपशीर स्वरूपात सुरू झाला. दरम्यानच्या अनिश्चिततेतच सिटी फुटबॉल ग्रुपने व्यावसायिक आढावा घेऊन काढता पाय घेतला. ज्या मालकाने चार विजेतेपदे दिली, त्याच्या दृष्टीने मुंबई ही गुंतवणुकीच्या यादीतील एक नोंद होती. त्याला दोष देता येत नाही, कारण व्यवहाराचे नियमच तसे आहेत.

मुंबईचे बंद झालेले क्लब

मुंबईकरांना हा अनुभव नवा नाही. कंपनीच्या संघापासून वाढलेल्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. संघ दिवाळखोर नव्हता वा हरतही नव्हता. कंपनीने आपला पैसा शालेय फुटबॉलकडे वळवण्याचे ठरवले, इतकेच. २००७ मध्ये एस्सेल समूहाने स्थापन केलेल्या मुंबई एफसीची २०१६-१७ च्या हंगामात आय-लीगमधून घसरण झाली आणि क्लबही संपला. ज्या तेल कंपनीचा मोठा प्रकल्प उरणला आहे, त्या ओएनजीसीचा संघ २०१३ मध्ये क्लब परवान्याच्या निकषांत न बसल्याने आय-लीगबाहेर गेला. पुण्यातही तेच घडले. पुणे एफसी २०१५ मध्ये आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये इतिहासजमा झाले.

या प्रत्येक क्लबला पाठीराखे होते. पण क्लब ही खासगी कंपनी असेल वा एखाद्या कंपनीचा विभाग असेल, तर निर्णय भागधारकांचा. संचालक मंडळ भागधारकांना उत्तरदायी असते. प्रेक्षकाशी त्याचे नाते दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे. गिऱ्हाईक फार तर दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. पण फुटबॉलच्या चाहत्याला तसे करता येत नाही, कारण त्याच्यासाठी दुसरे दुकानच नसते. या विषयातील सगळी गुंतागुंत येथेच आहे.

पुण्याहून चालणारा इंग्लिश क्लब

हाच प्रश्न उलट दिशेनेही पाहता येतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राशीच जोडलेले आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लिश फुटबॉल लीगच्या संस्थापक क्लबांपैकी एक. १९९५ मध्ये त्याने प्रीमियर लीग जिंकली, ती स्थानिक पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांच्या पैशावर. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना हा क्लब विकत घेतला. महिन्याभरातच प्रशिक्षक सॅम अलारडाइस यांना हटवण्यात आले. मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगबाहेर फेकला गेला. त्या निर्णायक सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. कुक्कुटपालनातून मोठ्या झालेल्या मालकांना तो टोला होता. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि पुढच्याच वर्षी वर आला.

चाहत्यांनी निदर्शने केली, फलक लावले, मालकांना जाण्यास सांगितले. मालक गेले नाहीत. गंमत अशी, की दरवर्षीचा तोटाही तेच भरून काढत राहिले. त्यामुळे चाहत्यांमध्येच दोन तट पडले. 'आधी मालक बदला' असे एक गट म्हणतो. 'मालक गेले तर पगार कोण देणार' असे दुसरा विचारतो. परकीय चलन कायद्याखालील चौकशीमुळे २०२३ मध्ये क्लबला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. लँकेशायरमधील एका गावाच्या शनिवार दुपारचे भवितव्य दिल्लीच्या न्यायालयात ठरावे, हे जागतिकीकरणाचे चित्र फारच बोलके आहे.

चाहत्यांना जागा कोठे?

मग उपाय कोणता? जर्मनीत १९९८ मध्ये क्लबांना कंपनी स्थापन करण्याची मुभा मिळाली, तेव्हाच एक अट घालण्यात आली. कंपनीतील निम्म्याहून किमान एक मत अधिक मूळ क्लबच्या सदस्यांच्या हाती राहिले पाहिजे. काही अपवाद वगळता हा '५० अधिक १' नियम आजही पाळला जातो. स्पेनमध्ये बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांचे अध्यक्ष सदस्यांच्या मतदानाने निवडले जातात. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद केली. मालकांची पात्रता तपासणे आणि चाहत्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची सक्ती क्लबांवर करणे, ही त्याची कामे आहेत.

सदस्यांची सत्ता म्हणजे सुखाचे राज्य असेही नाही. बार्सिलोनाच्या निवडून आलेल्या मंडळांनीच क्लबला कर्जाच्या खाईत लोटले. पण तेथील सदस्याला पुढच्या निवडणुकीत ते मंडळ घरी पाठवण्याची सोय आहे.

भारतात चाहत्यांचा आवाज पोहोचल्याचे ठळक उदाहरण कोलकात्याचे. २०२० मध्ये मोहन बागानचा संघ एटीकेमध्ये विलीन झाला आणि नव्या कंपनीत ८० टक्के हिस्सा संजीव गोएंका यांच्या समूहाकडे गेला. १८८९ च्या क्लबपुढे लागलेली एटीके ही अक्षरे पाठीराख्यांना सहन झाली नाहीत. तीन हंगाम त्यांनी विरोध चालू ठेवला. मार्च २०२३ मध्ये करंडक जिंकल्यावर मालकांनी ती अक्षरे काढून टाकण्याची घोषणा केली. मालकी हलली नाही, पण नाव परत मिळाले.

मुंबईला सव्वाशे वर्षांचा सदस्य-क्लब नाही आणि जर्मन नियम उद्या येथे लागू होईल, अशी आशाही व्यर्थ आहे. तोट्यातील लीगमध्ये पैसे ओतणाऱ्याकडून निम्मी सत्ता काढून घेतली, तर पैसे ओतणार कोण? पण याहून लहान गोष्टी शक्य आहेत. नाव, रंग वा मैदान बदलण्यापूर्वी पाठीराख्यांशी बोलणे. क्लब विकण्यापूर्वी वा बंद करण्यापूर्वी ठरावीक मुदतीची सूचना देणे. वर्षाचा हिशेब सोप्या भाषेत प्रसिद्ध करणे. आणि संचालक मंडळाच्या बैठकीत पाठीराख्यांचा एक निरीक्षक बसवणे. महासंघाने क्लब परवान्याच्या अटींत या चार गोष्टी घातल्या, तर मालकाच्या खिशातून एक रुपयाही अधिक जाणार नाही.

मालक येतात आणि जातात. महिंद्र गेले, एस्सेल गेले, अबुधाबीवाले गेले. मोऱ्याच्या धक्क्यावरचा पाठीराखा मात्र दरवेळी नवी जर्सी विकत घेऊन नव्या वाटेने मैदानाकडे निघतो. भारतीय फुटबॉलमधील सर्वांत दीर्घकालीन गुंतवणूकदार तोच आहे. तिसऱ्यांदा वाट बदलण्याची वेळ आली, तर त्याला निदान आधी सांगितले जावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.