यमुनेने ऐकलेल्या कहाण्या

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'यमुनापर्यटन' या पुस्तकाला एक ओळ हमखास मिळते : पहिली मराठी कादंबरी, लेखक बाबा पदमनजी, साल १८५७. आम्ही बी.ए.ला होतो तेव्हा एवढे पाठ असले की एक गुण पदरात पडत असे. पुस्तक वाचायची गरज कोणाला वाटत नसे. परंतु त्याचे पूर्ण नाव वाचले तरी विषय समजतो : 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. म्हणजे मराठी कादंबरी जन्माला आली ती राजाराणीच्या महालात नव्हे, विधवेच्या अंधाऱ्या खोलीत. महाल आणि अद्भुत योगायोग नंतर आले, १८६१च्या 'मुक्तामाले'पासून.

ही कादंबरी धर्मश्रद्धेतून लिहिलेली आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) मूळचे बेळगावचे. मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याआधी मुंबईत ते परमहंस सभेचे सभासद होते. १८४९च्या सुमारास स्थापन झालेली ही सभा जातिभेद मानत नसे, पण तिचे सगळे काम गुप्तपणे चाले. जात मोडल्याची खूण म्हणून सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, आणि घरी मात्र अवाक्षर काढायचे नाही! धर्मांतरापूर्वीची आपली घालमेल पदमनजींनी पुढे 'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रात लिहून ठेवली. मनात एक आणि घरात एक, असे जगणे काय असते ते त्यांना पक्के ठाऊक होते. तेच त्यांनी यमुनेच्या वाट्याला दिले.

यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली तरुण सून. नवरा विनायक तिच्याच विचारांचा. दोघांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे, पण घरात तो उघड करण्याची सोय नाही. ही दोघे प्रवासाला निघतात. ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या कानांवर येतात. केशवपन, हेटाळणी, दुसऱ्याच्या तुकड्यावर काढलेला जन्म. आणि मग विनायकच मरण पावतो. इतके दिवस दुसरीची कहाणी ऐकणारी यमुना आता स्वतःच त्या कहाणीतली बाई होते. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

या रचनेतली खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. लेखकाला विधवांची स्थिती सांगायची होती. त्यासाठी निबंध लिहिता आला असता, आणि पदमनजींनी निबंध पुष्कळ लिहिले. पण निबंधात विधवा बोलत नाही, तिच्याविषयी बोलले जाते. तिला बोलते करायचे तर समोर ऐकणारी बाईच हवी. परक्या पुरुषाला कोणती बाई आपले दुःख सांगेल? शेजारणीला सांगावे तर ते संध्याकाळपर्यंत आळीभर होते. वाटेवर भेटलेली, दोन दिवसांनी निघून जाणारी बाई असली की मन मोकळे होते. आपल्या बायकांनी शतकानुशतके हेच केले. माणसाला सांगता येत नव्हते ते जात्याला सांगितले, आणि त्यातून ओवी झाली. कादंबरीने जात्याच्या जागी यमुनेला बसवले.

पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पण जी बाई ओसरीवरही येऊ शकत नाही, तिने कायद्यापर्यंत पोहोचायचे कसे? ती कुठे आहे, काय सोसते आहे, हे आधी कोणीतरी सांगायला हवे होते. त्या घरांतले सर्वांत खोल पुरलेले गुपित तर तोंडातून काढण्याचीही चोरी होती. विधवेला दिवस जात. जबाबदार पुरुष बहुधा घरातला किंवा नात्यातला असे. तो नामानिराळा राही आणि बाई आड किंवा विहीर जवळ करी, नाहीतर मूल नाहीसे केले जाई. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे विधवेला गुप्तपणे बाळंत होता येई. तिथल्याच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्याखाली शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर तोंडसुख घेतले. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली आणि विचारले की, पापात दोघे असतात, मग शिक्षा एकटीला का? 'यमुनापर्यटन'नंतर पंचवीस वर्षांनी एक बाई स्वतःच्या तोंडाने बोलू लागली होती.

आता या कादंबरीच्या अवघड जागेकडे येऊ. पदमनजींच्या दृष्टीने यमुनेच्या दुःखावर उपाय एकच : ख्रिस्ती धर्म. त्यामुळे पुस्तकात उपदेश पुष्कळ आहे. पात्रे मध्येच थांबून प्रवचन करतात. आजच्या वाचकाला ते कंटाळवाणे वाटेल, तर कोणाला खटकेल. बाईला माणसासारखे जगायचे असेल तर तिने धर्मच बदलावा काय, हा प्रश्न रास्त आहे. पण ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' शेजारी ठेवावी. १८९० पासून ती 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. तिची नायिकाही यमूच, तीही विधवा होते. ही यमू धर्म बदलत नाही, स्वतःच्या घरातच राहते, आणि तिथे तिचे केशवपन बळजबरीने होते. एका यमुनेला घर सोडावे लागले, दुसरीला घरानेच संपवले. पदमनजींच्या औषधाविषयी वाद घालता येतो. रोगाचे निदान मात्र, त्यांची श्रद्धा न मानणाऱ्या आपट्यांच्या लेखणीतूनही तेच उतरले.

मी हे पुस्तक वाचले ते मुसलमान म्हणून. त्यात माझ्या धर्माचा प्रश्न नाही, असे पहिल्यांदा वाटले. आमच्याकडे विधवेने चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळली की तिला निकाहाची मोकळीक आहे. पैगंबरसाहेबांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा विधवाच होत्या. म्हणजे धर्माने दार उघडेच ठेवले आहे. पण दार उघडे असणे वेगळे आणि बाईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणे वेगळे. माझी एक फुफी विसाव्या वर्षी विधवा झाली आणि उरलेला जन्म तिने भावांची मुले वाढवण्यात घालवला. आम्ही समजत होतो, तिलाच पुन्हा लग्न नको होते. ती गेल्यावर आईकडून कळले की एकदा तिला चांगली मागणी आली होती. वडीलधाऱ्यांनी निरोप परस्पर परत धाडला. तिला विचारलेसुद्धा नाही. तिला ते नंतर कळले होते, तरी आयुष्यभर ती त्यावर एक शब्द बोलली नाही. हे कोणत्याही किताबात लिहिलेले नव्हते. आजूबाजूच्या 'चांगल्या घरां'ची रीत आमच्याही घराने उचलली होती.

म्हणून मला वाटते, श्रद्धेची कादंबरी वाचताना लेखकाची श्रद्धा आपली असावीच लागते असे नाही. लेखक कोणत्या दाराकडे बोट दाखवतो ते पाहावे, पटले तर घ्यावे, नाही तर सोडून द्यावे. पण त्या दारापर्यंत पोहोचेतो त्याने किती बायकांना बोलू दिले, हे जरूर पाहावे. पदमनजींचा उपदेश वगळला तरी त्या विधवा पुस्तकात शिल्लक राहतात. त्यांचे म्हणणे खोडून काढणे दीडशेहून अधिक वर्षांत कोणाला जमलेले नाही.

'यमुनापर्यटन' जुन्या ग्रंथालयांत मिळते. भाषा थोडी जुनी आहे, पण दहा-पंधरा पानांत सवय होते. शक्य असेल तर घरातल्या एखाद्या वयस्क बाईला ते मोठ्याने वाचून दाखवावे. मध्येच ती म्हणेल, "आमच्याकडेही एक होती..." तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे आणि तिचे ऐकावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)