वैमानिक श्रीकृष्णचंद्र वेलिणकर: एका नांवाची पाठशुद्धि

अंबरनाथ येथील शिवालयांतील शिलालेखाचा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला होता. पुढें तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निश्चित झाला, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. एका अंकाच्या अपवाचनानें तें देवालय दोनशें वर्षें मागें ढकललें गेलें होतें. दगड तोच, अक्षरें तींच. चुकला तो वाचणाराचा डोळा. हाच प्रमाद मनुष्याच्या नांवाविषयीं घडला तर काय होतें, याचें एक उदाहरण प्रस्तुत लेखांत द्यावयाचें आहे. तें शिलाहारकालीन नसून पहिल्या महायुद्धांतील आहे; तथापि त्यास लावावयाची कसोटी आपल्या पोथ्यांचीच आहे.

श्रीकृष्णचंद्र वेलिणकर यांचा जन्म इ. स. १८९४ मध्यें मुंबईस झाला. केंब्रिज येथें शिक्षण घेऊन ते इ. स. १९१७ मध्यें ब्रिटिश विमानदळांत दाखल झाले. त्या युद्धांत वैमानिक अधिकारी म्हणून लढलेल्या हिंदी तरुणांपैकीं चौघांचीं नांवें प्रसिद्ध आहेत: हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि वेलिणकर. रॉय २२ जुलै १९१८ रोजीं धारातीर्थीं पडले. सेन शत्रूच्या कैदेंत गेले. मलिक जखमी होऊनही वांचले व पुढें फ्रान्समध्यें भारताचे राजदूत झाले. आपल्या मुंबईकर वैमानिकाचें नांव मात्र या चौघांत सर्वांत कमी घेतलें जातें.

२७ जून १९१८ रोजीं वेलिणकर तेविसाव्या स्क्वाड्रनच्या सॉपविथ डॉल्फिन विमानांतून गेले, ते परतले नाहींत. जखमी स्थितींत ते जर्मनांच्या हातीं लागले व ३० जून रोजीं मरण पावले. जर्मनांनीं त्यांस पुरलें. परंतु नोंद झाली ती ‘ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर’ या नांवानें. एकीकडे बेपत्ता वेलिणकर आणि दुसरीकडे कोणाचाच नसलेला वुमकर, अशा एकाच पुरुषाच्या दोन व्यक्ति झाल्या.

हा वुमकर उत्पन्न कसा झाला? रोमन लिपींत दोन्ही पाठांचें आद्याक्षर एकच आहे आणि शेवटचीं तीन अक्षरेंही तींच आहेत. भेद काय तो मधल्या भागांत. खऱ्या नांवांत तेथें ई, एल, आय, एन हीं चार अक्षरें आहेत. चुकीच्या नांवांत यू, एम हीं दोन. परंतु जोडून लिहिलेल्या हस्ताक्षरांतील उभ्या रेघा मोजाव्या, तर दोहोंकडे त्या पांचच भरतात. एलची उंची खुजी झाली व आयवरील बिंदु सुटला, कीं पाठ बदलला, असा आमचा तर्क आहे. मोडी दप्तरें वाचणारांस हें नवल वाटूं नये. परिचित शब्द लेखकू आठवणीनें सावरून घेतो. अपरिचित शब्द त्याच्या हातून आधीं बिघडतो. जर्मन कारकुनास ‘वेलिणकर’ हें नांव ऐकून माहीत असण्याचें कारणच नव्हतें. ‘एस. सी.’ हीं आद्याक्षरें मात्र शुद्ध राहिलीं, व श्रीकृष्णचंद्र या नांवाशीं तीं बरोबर जुळतात.

युद्ध संपल्यावर शोध चालू राहिला व इ. स. १९२१ मध्यें ‘वुमकर’ म्हणजेच वेलिणकर, हें ठरलें. आज फ्रान्समधील सोम नदीच्या प्रदेशांत हांगार येथील स्मशानभूमींत शुद्ध नांवाची शिला उभी आहे. साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकीं एक, अशा आशयाचे शब्द तीवर कोरलेले आहेत. ‘साम्राज्य’ हा शब्द आज कोणास रुचो वा न रुचो; नांव शुद्ध आहे, हें महत्त्वाचें.

ज्यांस भूमि लाभली त्यांची ही कथा. समुद्रावर उडणाऱ्यांस तीही लाभत नाहीं. ‘मिस इंडिया’ हें छोटें विमान इ. स. १९३० मध्यें विलायतेहून हिंदुस्थानांत आणणारे मनमोहनसिंग दुसऱ्या महायुद्धांत जलविमानांच्या दळांत होते. ३ मार्च १९४२ रोजीं ऑस्ट्रेलियांतील ब्रूम येथें, खाडींत उभ्या असलेल्या जलविमानांवर जपान्यांनीं केलेल्या हल्ल्यांत ते मृत्यु पावले. अशा पाण्यांत गेलेल्या कित्येकांचें नांव हाच काय तो अवशेष राहतो.

आतां आपल्याकडे पाहूं. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धांत मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासित वसले व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. अद्यापि तेथील लोक पत्ता सांगतांना ‘कँप नंबर तीन’, ‘कँप नंबर चार’ असेंच म्हणतात. छावणीचे अंक टिकले. तेथून युद्धावर गेलेल्यांचीं नांवें टिकलीं नाहींत.

म्हणून कल्याणापासून बदलापुरापर्यंतच्या संग्राहकांस आमची विनंति आहे. युद्धकाळांतील पत्र, पाकीट, वेतनपुस्तिका कोठें रद्दींत आढळल्यास ती पोथीप्रमाणेंच जपावी. नांव जसें लिहिलें असेल तसेंच उतरावें. आपल्या मतें शुद्ध रूप असेल तें बाजूस द्यावें, मूळांत घालूं नये. सैनिकाचा क्रमांक व पलटणीचें नांव कधींही गाळूं नये.

आम्हीं आयुष्यभर शाळेंत हजेरी घेतली. पटावर नांव चुकलें, तर मुलगा समोर बसलेला असूनही ‘हजर’ म्हणत नाहीं, आणि पटावर तो गैरहजरच लागतो. वेलिणकर असे तीन वर्षें गैरहजर होते.