करोल बागेतला इतिहासाचा तास

नववी-दहावीच्या मुलांना इतिहास कंटाळवाणा वाटतो, कारण उत्तर आधीच छापलेले असते. पुस्तकात उत्तर नाही असा प्रश्न हातात दिला की तीच मुले भांडायला उठतात. दिल्लीत करोल बागेतल्या शिक्षकांना असे प्रश्न रस्त्यावरच मिळतात.

पाट्यांचा माग

वर्गाचे गट करून एकेका गटाला एकेक नाव द्यावे : अजमल खान रोड, गफ्फार मार्केट, आर्य समाज रोड, रैगरपुरा. नाव कोणाचे, ते इथे का? मोबाइल दुरुस्तीसाठी गफ्फार मार्केट गाठणाऱ्या किती जणांना ते सरहद्द गांधींचे नाव आहे हे ठाऊक असते? रैगरपुरा चामड्याचे काम करणाऱ्या रैगर समाजाच्या नावाचा. जातीचा विषय अवघड म्हणून ही पाटी वगळू नये. खरा सामाजिक इतिहास तिथेच आहे.

दोन तारखा

माझ्या मते हा सर्वांत सकस उपक्रम. करोल बागेतल्या तिब्बिया कॉलेजची कोनशिला 29 मार्च 1916 रोजी व्हाइसरॉय हार्डिंग यांनी बसवली. उद्घाटन 13 फेब्रुवारी 1921 रोजी महात्मा गांधींनी केले. दोन्ही वेळा संस्थेमागे हकीम अजमल खानच होते. फळ्यावर या दोनच तारखा लिहाव्यात आणि विचारावे, मधल्या पाच वर्षांत असे काय घडले?

लखनौ करार, रौलेट कायदा, जालियनवाला बाग, खिलाफत, असहकार अशा चिठ्ठ्या वाटाव्यात. त्या नुसत्या क्रमाने लावून भागत नाही. हकीमसाहेबांनी 1920 मध्ये सरकारी किताब का परत केले, हे कोणत्या चिठ्ठीने उलगडते ते गटाने पटवून द्यायचे. वर्ग रंगला की आणखी एक काडी टाकावी : 1909 च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टरांवर सडकून टीका करणारे गांधीजी वैद्यकीय कॉलेजच्या उद्घाटनाला कसे आले?

दोन बाजूंचा छापा

1737 मध्ये बाजीराव दिल्लीवर चालून आला. त्याचे चिमाजी अप्पाला लिहिलेले पत्र आणि फारसी बखरकारांचे वर्णन शेजारी ठेवून वाचावे. जुळते काय, फुशारकी कोणाची? मराठी घरातली मुले लगेच बाजीरावाचे वकीलपत्र घेतात. म्हणून त्यांनाच मोगलांची बाजू द्यावी.

घरातले साक्षीदार

1947 मध्ये इथली अनेक मुस्लिम कुटुंबे गेली, पश्चिम पंजाबातून निर्वासित आले. पुढे सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातले सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिकही इथे स्थिरावले. गाव का सोडले, पहिली खोली कोणाच्या ओळखीने मिळाली, असे साधे प्रश्न मुलांनी विचारावेत. वहीत ‘पाहिलेले’ आणि ‘ऐकलेले’ असे दोन रकाने हवेतच. फाळणीचे प्रत्यक्ष साक्षीदार आता विरळ झाले आहेत, त्यामुळे दुसरा रकानाच जास्त भरेल. परवानगीशिवाय आवाज टिपू नये, कोणी गप्प झाले तर विषय बदलावा. जोडीला काश्मिरी गेटजवळच्या दारा शुकोह ग्रंथालयाच्या इमारतीत 2023 मध्ये सुरू झालेले फाळणी संग्रहालय दाखवता येते.

वेळ कमी असेल तर

पाट्यांची फेरी दुकाने उघडण्यापूर्वी, सकाळीच काढावी. तेवढीही सवड नसेल तर फक्त दोन तारखांचा तास घ्यावा. त्याला फळा, खडू आणि मूठभर चिठ्ठ्या पुरतात.