डिजिटल प्रदर्शनात भिंतभर व्हॅन गॉग. मूळ चित्र मात्र एकही नाही

सातिवली : २०२३च्या जानेवारीत मुंबईत कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 'व्हॅन गॉग ३६०°' हे डिजिटल प्रदर्शन भरलं होतं. सातिवलीकरांना असं काही बघायचं तर वसई रोडवरून चर्चगेट लोकल, म्हणजे अख्खा दिवस मोडणार. म्हणून तिथे नेमकं काय असतं, हे आधी कळलेलं बरं.

अशा प्रदर्शनात मूळ चित्र नसतं. चित्रांची बारकाव्यांसह डिजिटल प्रत काढून ती हलती करतात आणि अंधाऱ्या दालनात अनेक प्रोजेक्टर लावून भिंती व जमिनीवर पाडतात. शेजारच्या दोन प्रोजेक्टरच्या कडा एकमेकांवर चढवून तिथला उजेड कमी करतात, म्हणून सांधा दिसत नाही. 'स्टारी नाइट' हे १८८९चं मूळ चित्र जेमतेम ७४ बाय ९२ सेंटिमीटरचं. ते न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्यातला रंगाचा जाड थर भिंतीवर सपाट होतो.

भिंतभर चित्र पालघरला नवं नाही. वारली घरात लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवरच काढतात. डहाणूतल्या गंजाडच्या पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. मुंबईला जरूर जावं. पण मूळ चित्र बघायचं तर ते आपल्याच जिल्ह्यात आहे.