खिशातला संगणक: आकडा कुठून येतो, विश्वास किती ठेवावा?

दसरा-दिवाळी आली की मोबाईलच्या दुकानांत गर्दी होते. मुले आईवडिलांसाठी नवा फोन घेतात, कुणी स्वतःचाच चार-पाच वर्षे वापरलेला, मेमरी भरून अडखळणारा फोन बदलतो. दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगतो, बॅटरी किती तास चालेल ते सांगतो, जुन्या फोनचे किती पैसे वजा होतील तेही सांगतो. माझ्या तब्येतीच्या दृष्टीने या फोनमध्ये काय आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

हा प्रश्न आता विचारायला हवा. साध्या फोनकडून सक्षम फोनकडे जाताना आपण अनेक सूक्ष्म यंत्रे असलेला एक संगणक खिशात घालत असतो. तो पावले मोजतो, नाडीचा आकडा दाखवतो, दंडावर लावलेल्या सेन्सरकडून साखर वाचतो, गोळीची वेळ सांगतो. यातले काही आकडे भरवशाचे असतात, काही अंदाजाचे, तर काही निव्वळ फसवे. पडद्यावर मात्र सगळे एकाच ठळक अक्षरांत दिसतात. त्यामुळे आकडा कसा तयार होतो, हे थोडे समजून घेतले तर कशावर किती विसंबायचे ते ठरवता येते.

स्वस्त फोनमध्ये काय कमी असते?

२०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमध्ये ५१२ एमबी रॅम होती. त्याच वर्षी गुगलने एक जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनसाठी 'अँड्रॉइड गो' ही हलकी आवृत्ती जाहीर केली. अशा फोनांनी लाखो घरांत पहिल्यांदा इंटरनेट नेले. पण किंमत कमी ठेवण्यासाठी काहीतरी वगळावे लागते. त्यात बहुधा जायरोस्कोप, होकायंत्राचे काम करणारा मॅग्नेटोमीटर आणि एनएफसी नावाची जवळच्या अंतरावर माहिती वाचणारी चिप यांचा नंबर लागतो. हे भाग नसले तरी बोलणे, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब यात काही अडत नाही, म्हणून ते नाहीत हे कळतही नाही.

रॅमचा संबंधही तब्येतीशी येतो. रॅम कमी पडली की फोन मागे चालू असलेली अ‍ॅप स्वतःहून बंद करतो. गोळीची आठवण करून देणारे अ‍ॅप असे बंद पडले, तर गजर वाजतच नाही. नवा फोनही बॅटरी वाचवण्यासाठी हेच करू शकतो. म्हणून औषधाचे किंवा साखरेचे अ‍ॅप वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपपुरते बॅटरीचे बंधन काढून टाकावे आणि दोन दिवस गजर खरोखर वाजतो का, ते पाहावे.

पावले: भरवशाचा आकडा, पण...

पावले मोजण्याचे काम अ‍ॅक्सेलरोमीटर करतो. सिलिकॉनवर कोरलेले एक अतिसूक्ष्म वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेले असते. आपण हललो की ते किंचित सरकते, शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारकता बदलते आणि चिप तो बदल मोजते. चालण्याला एक ठरावीक ताल असतो. तो ताल ओळखून फोन पाऊल धरतो. साधारण वेगाने चालणाऱ्या निरोगी माणसाच्या बाबतीत हा आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो.

पण काठी टेकत किंवा वॉकर घेऊन हळू चालणाऱ्याचा ताल पुसट असतो, त्यामुळे त्याची बरीच पावले मोजली जात नाहीत. घरात फोन टेबलावर ठेवून दिवसभर राबणाऱ्या बाईची तर मोजणीच होत नाही. अशा वेळी 'तुम्ही आज फारच कमी चाललात' हा फोनचा शेरा मनाला लावून घेऊ नये.

रोज दहा हजार पावलांचे उद्दिष्टही प्रयोगशाळेतून आलेले नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये 'मानपोकेई' नावाचे पाऊलमोजणी यंत्र विक्रीला आले. या नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारे'. तिथून तो आकडा जगभर पसरला. २०२२ मध्ये 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये १५ अभ्यासांचा, सुमारे ४७ हजार लोकांच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पावले वाढतात तसा मृत्यूचा धोका कमी होतो, पण साठीच्या पुढच्या लोकांमध्ये हा फायदा सहा ते आठ हजार पावलांच्या आसपास स्थिरावतो, असे त्यात दिसले. तेव्हा सत्तरीच्या आजोबांनी दहा हजारांचा आकडा गाठण्यासाठी रात्री नऊ वाजता गुडघे दुखत असताना अंगणात फेऱ्या मारण्याची गरज नाही.

नाडी दिसते, ऑक्सिजन दिसत नाही

कॅमेऱ्यावर बोट ठेवा, फ्लॅश लागेल आणि नाडी दिसेल, अशी सोय काही फोनांत असते. तिच्यामागे खरे विज्ञान आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातले रक्त किंचित वाढते. रक्त प्रकाश शोषून घेते, त्यामुळे कॅमेऱ्याला बोट ठोक्यागणिक थोडे गडद, थोडे फिके दिसते. हा बदल मोजून मिनिटाचे ठोके काढतात. शांत बसून, हात न हलवता घेतलेला हा आकडा साधारण बरोबर असतो. पण ठोके किती पडले ते कळणे वेगळे आणि हृदयाला रक्तपुरवठा नीट होतो की नाही ते कळणे वेगळे. छातीत दुखत असताना फोनवर ७६ ठोके दिसले म्हणून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढायला त्वचेवर विद्युत संवेदक लागतात. नुसत्या कॅमेऱ्याने तो निघत नाही.

ऑक्सिजनची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये दोन प्रकारचे प्रकाश असतात: सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या दोन्हींच्या तुलनेतून टक्केवारी निघते. फोनचा फ्लॅश पांढरा असतो आणि फोटो नीट यावेत म्हणून कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी बसवलेली असते. म्हणजे मोजणीला लागणारी अर्धी माहिती आतच येत नाही. कोविडच्या काळात बोट ठेवून ऑक्सिजन दाखवणारी अ‍ॅप फिरत होती आणि ती बोटांचे ठसे व इतर माहिती चोरू शकतात, असा इशारा पोलिसांनाही द्यावा लागला होता. फोन कितीही महाग असो, केवळ कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब किंवा साखर सांगणाऱ्या अ‍ॅपवर औषधाचा निर्णय घेऊ नये.

मधुमेह असेल तर आधी एनएफसी पाहा

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर आहे. त्यांच्यापैकी काहींना, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांना, डॉक्टर दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर सुचवतात. त्याची केसासारखी बारीक तार त्वचेखाली जाते आणि पेशींच्या भोवतीच्या द्रवातली साखर मोजते. आकडा फोनवर येतो तो एनएफसी किंवा ब्लूटूथमधून. इथे साध्या आणि सक्षम फोनमधला फरक थेट तब्येतीवर येतो. काही सेन्सरसाठी फोन दंडाजवळ नेऊन वाचन घ्यावे लागते आणि एनएफसी नसलेल्या फोनवर ते जमतच नाही. सेन्सर बनवणारी कंपनी कोणते फोन चालतात याची यादी देते. आधी ती यादी पाहावी, मग फोन घ्यावा.

हा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटे मागे असतो, कारण साखर रक्तातून त्या द्रवात यायला वेळ लागतो. जेवणानंतर किंवा व्यायामात साखर वेगाने बदलत असते, तेव्हा हा फरक जास्त जाणवतो. घाम सुटला, हात थरथरू लागले, पण फोनवर साखर ठीक दिसते, असे झाले तर फोन बाजूला ठेवून बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरने साखर तपासावी.

वरचा खिसा आणि पेसमेकर

आपल्याकडे पुरुष फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात, तोही बहुतेकदा डाव्या बाजूला. पेसमेकर किंवा झटका देऊन हृदयाचा ताल सुधारणारे आयसीडी यंत्रही बहुधा डाव्या बाजूलाच, गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेले असते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना या यंत्रांची कामाची पद्धत तात्पुरती बदलता यावी म्हणून ती चुंबकाला प्रतिसाद देतील अशीच बनवलेली असतात.

वायरशिवाय चार्जिंग नीट जुळावे म्हणून काही नव्या फोनांत चुंबकांचे कडे असते. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आयफोन १२ एका रुग्णाच्या आयसीडीजवळ धरला, तेव्हा त्या यंत्राचे काम तेवढ्यापुरते थांबल्याचे त्यांनी नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने असे फोन आणि घड्याळे शरीरातल्या यंत्रापासून किमान सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला दिला. जुना फोन वरच्या खिशात वर्षानुवर्षे ठेवला, काही झाले नाही, हा अनुभव नव्या फोनला लागू पडत नाही. पेसमेकर असलेल्या माणसाने नवा फोन पँटच्या खिशात किंवा पिशवीत ठेवावा. फोनच्या मागे चिकटणारी चुंबकी पाकिटे आणि कव्हरे यांनाही हेच लागू आहे.

डोळे आणि कान

स्वस्त फोनचा पडदा बहुधा एलसीडी असतो, महागाचा ओलेड. अनेक ओलेड पडदे प्रकाश कमी करण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. ही लुकलुक डोळ्यांना दिसत नाही, पण काही जणांचे त्यामुळे डोके दुखते. फोन बदलल्यापासून संध्याकाळी डोके धरत असेल तर खोलीत दिवा लावून पडद्याचा प्रकाश थोडा वाढवून पाहावा. काही फोनांत ही लुकलुक कमी करण्याची सेटिंगही असते. पडदा कोणताही असो, त्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीसेक फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहण्याची सवय इथे उपयोगी पडते.

सक्षम फोनचा मोठा फायदा ज्यांना कमी दिसते किंवा कमी ऐकू येते त्यांना होतो. अक्षरे मोठी करता येतात, पडद्यावरचा मजकूर वाचून घेता येतो, समोरच्याचे बोलणे अक्षरांत उमटवता येते. २०१७ पासून गुगलचे बोलून टंकलेखन मराठीतही चालते. श्रवणयंत्र थेट फोनला जोडायचे असेल तर ते फोनच्या ब्लूटूथशी जुळते का, हे श्रवणतज्ज्ञांना विचारूनच फोन निवडावा.

जुना फोन सोडण्यापूर्वी

नवा फोन आला की जुना त्याच दिवशी दुकानात देऊ नये. आठवडाभर दोन्ही जवळ ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले रक्त तपासणीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो, डॉक्टरांचे नंबर, १४ अंकी आभा क्रमांक, यातले काय जुन्यावरच राहिले, ते याच आठवड्यात लक्षात येते. सगळे नव्यावर आले की जुन्या फोनमधली माहिती पूर्ण पुसूनच तो द्यावा. दुकानात कुणी मदत करत असेल तरी स्क्रीनचा पिन आणि ओटीपी आपणच टाकावा.

मग तातडीची माहिती भरावी. रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे आणि घरच्या दोघांचे नंबर लॉक असलेल्या पडद्यावरूनही दिसतील, अशी सोय बहुतेक स्मार्टफोनांत असते. भारतात १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांत मदतीचे बटण बंधनकारक आहे. बऱ्याच फोनांत पॉवर बटण सलग वेगाने दाबले की ११२ ला फोन लागतो. किती वेळा दाबायचे ते फोनगणिक बदलते, म्हणून आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये पाहून घरातल्या ज्येष्ठांना ते समजावून सांगावे.

दुकानात जाण्यापूर्वी एक चिठ्ठी केलेली बरी: घरात पेसमेकर, ग्लुकोज सेन्सर किंवा श्रवणयंत्र कुणाला आहे, अक्षर किती मोठे लागते, सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार. मेगापिक्सेलचा विचार त्यानंतर करता येईल. आणि फोनने मोजलेले आकडे पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना जरूर सोबत न्यावेत. महिनाभराची पावले आणि साखरेचा चढउतार पाहून त्यांना बरेच कळते. उपचार काय करायचा, ते त्यांनाच ठरवू द्यावे.