दप्तरातले विष

व्यसन म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे दारू, गांजा, ब्राउन शुगर येते. परंतु व्हाइटनर, थिनर आणि पंक्चरचे सोल्युशन यांचीही नशा करतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुले हे पदार्थ रुमालावर किंवा पिशवीत घेऊन हुंगतात. दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळलेली ही एकमेव नशा!

यातील टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ फुप्फुसांतून काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. तिथल्या मज्जातंतूंवर विजेच्या तारेसारखे स्निग्ध वेष्टण असते. द्रावके चरबीत मुरतात, त्यामुळे वारंवार हुंगल्यास या वेष्टणाची हानी होते. मग स्मरणशक्ती मंदावते, हात कापतात, तोल जातो. मूत्रपिंडे व यकृतही बिघडू शकतात.

सर्वांत मोठा धोका हृदयाला असतो. या वाफेमुळे हृदय अतिसंवेदनशील बनते. अशा वेळी मुलगा घाबरला किंवा धावला, तर ठोके अनियमित होऊन तत्काळ मृत्यू येऊ शकतो. अगदी पहिल्याच वेळीसुद्धा! म्हणून मुलगा हुंगताना आढळला तर ओरडू नका, मारू नका, पाठलाग करू नका. शांतपणे त्याला मोकळ्या हवेत बसवा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्यास लगेच सुरुवात करा.

ओळखावे कसे? कपड्यांना वा श्वासाला रसायनाचा वास, बोटांवर पांढरे डाग, नाकातोंडाभोवती पुरळ, लाल डोळे, अडखळते बोलणे, भूक मंदावणे, अभ्यासात अचानक घसरण. यातले एखादे लक्षण दुसऱ्या कारणानेही दिसू शकते. तेव्हा लगेच आरोप करू नये; आधी विचारपूस करावी.

मुलांशी या विषयावर बोलल्यास ती बिघडतील, ही भीती व्यर्थ आहे. धोका माहीत नसलेला मुलगाच मित्राच्या आग्रहाला चटकन बळी पडतो. "नको" म्हणायला त्याला घरीच शिकवा. सवय जडली असेल तर लपवू नका. आपल्या डॉक्टरांना भेटा किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. हा आजार आहे आणि वेळीच उपचार मिळाले तर मुलगा त्यातून बाहेर पडू शकतो.