लाठीचा हिशेब

पोलिसाने विनाकारण मारले तर तक्रार कोठे द्यायची? "ठाण्यावर," असे उत्तर याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मित्राने दिले आणि तो स्वतःच हसला. ज्याने मारले त्याच्याच टेबलासमोर जाऊन उभे राहायचे! आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट पहिल्या वर्षापासून शिकवतात, ती ही की ज्याने रोजकीर्द लिहिली त्यानेच ती तपासायची नाही. तो कितीही प्रामाणिक असला तरी नाही. पोलिसांच्या बळाच्या वापराची अशी बाहेरून तपासणी करणाऱ्या काही आंतरराष्ट्रीय संस्था आहेत. त्यांचे काम कसे चालते, ते एका खटल्यावरून पाहू.

जुलै 2001 मध्ये इटलीतील जिनोआ शहरी आठ बड्या राष्ट्रांच्या नेत्यांची परिषद भरली होती. तिला विरोध करण्यासाठी प्रचंड जमाव लोटला; दगडफेक आणि जाळपोळही झाली. 21 तारखेच्या रात्री पोलीस दियाझ-पेर्तिनी नावाच्या शाळेत घुसले. ही शाळा नगरपालिकेनेच निदर्शकांना मुक्कामासाठी दिली होती. आत कोणी झोपले होते, कोणी पथारी पसरत होते. 62 वर्षांचे एक गृहस्थ भिंतीला पाठ टेकून, हात वर करून बसले होते. त्यांनाही लाठ्या बसल्या. हाताचे, पायाचे हाड आणि बरगड्या मोडल्या. एकूण 93 जणांना अटक झाली. शाळेत दोन पेट्रोलबॉम्ब सापडले असे पोलिसांनी जाहीर केले. पुढे न्यायालयात उघड झाले की त्या बाटल्या शहरात दुसरीकडेच सापडल्या होत्या आणि पोलिसांनीच त्या शाळेत आणून ठेवल्या होत्या. आमच्या भाषेत सांगायचे तर खोटे व्हाउचर!

इटलीत खटले चालले. खोटी कागदपत्रे केल्याबद्दल काही वरिष्ठ अधिकाऱ्यांची शिक्षा 2012 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायमही केली. पण मारहाणीचे काय? ते गुन्हे तोवर मुदतबाह्य झाले होते. त्या गृहस्थांना नेमके कोणी मारले हे तर कधीच ठरले नाही, कारण ओळख पटविण्याच्या कामी पोलिसांनी सहकार्य केले नाही. आणखी एक गोम होती. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार इटलीने 1989 सालीच मान्य केला होता, तरी तिच्या दंडसंहितेत 'छळ' असा गुन्हाच नव्हता. मग साध्या दुखापतीची कलमे लागली आणि त्यांची मुदत खटला चालू असतानाच संपून गेली.

त्या गृहस्थांनी 2011 मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाकडे अर्ज केला. या न्यायालयाचा नियम असा, की आधी स्वदेशातले दरवाजे ठोठवून झाले पाहिजेत. शेवटच्या निकालानंतर अर्जाला पूर्वी सहा महिन्यांची मुदत असे; 2022 पासून ती चारच महिने आहे. इटलीच्या सरकारचे म्हणणे, नुकसानभरपाईचा दावा करायची वाट अजून मोकळी आहे. न्यायालयाने ते मानले नाही. इतक्या गंभीर प्रकरणात पैसे देऊन सरकार मोकळे होऊ शकत नाही, अपराधी शोधून त्यांना शिक्षा झाली पाहिजे, असे त्याने म्हटले. 7 एप्रिल 2015 रोजी निकाल लागला. जे झाले तो छळच होता, भरपाई 45,000 युरो, आणि दोष कायद्यातच आहे, तो दुरुस्त करावा.

हा निकाल कोणा पोलिसाविरुद्ध नव्हता. तेथे प्रतिवादी असते ते राज्य. ते न्यायालय कोणाला तुरुंगात धाडत नाही, कोणाला बडतर्फ करीत नाही. निकाल अंमलात येतो की नाही यावर सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती लक्ष ठेवते, एवढेच. तरी जुलै 2017 मध्ये इटलीने छळ हा गुन्हा ठरविणारा कायदा केला. मारहाणीनंतर सोळा वर्षांनी! मला हा विलंब लाजिरवाणा वाटतो, पण खाते शेवटी जुळले ते बाहेरच्या तपासनिसामुळेच.

हे न्यायालय पोलिसांच्या विरोधातच असते असे मात्र समजू नये. त्याच परिषदेच्या वेळी एक तरुण सशस्त्र दलाच्या गोळीने मरण पावला. त्या प्रकरणी 2011 मध्ये न्यायालयाने बहुमताने राज्याला दोषमुक्त ठरविले. बळ वापरणे अगदी अटळ होते काय, आणि चौकशी स्वतंत्र होती काय, हे तेथे पाहतात. माणूस ताब्यात जाताना धडधाकट होता आणि बाहेर येताना जखमी, तर जखम कशी झाली हे सरकारने सांगावे लागते. हा नियम मला फार आवडला.

आपल्याकडे काय? आशिया खंडाला असे न्यायालय नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला. परंतु व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा त्याचा जोडकरार स्वीकारला नाही. छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. म्हणजे आपली वाट उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि 1993 च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग येथवरच. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांना मात्र कोणीही लिहू शकतो. ते सरकारकडे खुलासा मागतात. तो देण्याचे कायदेशीर बंधन सरकारवर नाही. त्या पत्रात कोणाला, केव्हा, कोठे, काय झाले हे लिहायचे असते.

हे सारे मित्राला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे ठाण्यावर जायच्या आधी दवाखान्यात जाऊन कागद करून घ्यायचा."